'सॉरी'ला शिव्या घालण्याआधी

ओसरीवरचा: काल एका सद्गृहस्थांनी लिहिलंय की 'सॉरी' हा पोकळ शब्द, तो 'सॉरो'वरून म्हणजे दुःखावरून आला, त्यात माफी कुठेच नाही, मराठी माणसाने 'क्षमस्व' म्हणावं. तिथेच उत्तर देत होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मुळात सॉरी सॉरोवरून आलेलाच नाही. जुन्या इंग्रजीत 'सार' म्हणजे दुखणं, ठणका. आजचा 'सोअर' तोच. त्यावरून 'सारिग', आणि मग सॉरी. सॉरोचं घराणं वेगळं: जुना 'सोर्ग', जर्मनमधला काळजीवाला 'झोर्ग' त्याच्याकडचा. शेजारी राहून राहून दोघं एकमेकांसारखे दिसायला लागले, इतकंच. जर्मन लोक 'खूप' म्हणायला 'झेअर' म्हणतात ना, तो मात्र सॉरीचा सख्खा चुलतभाऊ. दुखण्याचा शब्द 'खूप'साठी, आपण 'भयंकर गोड' म्हणतो त्यातली गत.

आता बघा. सॉरी म्हणणारा स्वतःचं सांगतो: मला लागलंय. 'क्षमस्व' म्हणजे समोरच्याला आज्ञा: तू क्षमा कर. तीही एकवचनी. नम्र कोण?

शुद्धमती: आज्ञार्थ म्हणजे हुकूमच असं कोणी शिकवलं तुम्हाला? लोट्, म्हणजे संस्कृतातला आज्ञार्थ, प्रार्थनेलाही वापरतात. पूजेच्या शेवटी 'क्षमस्व परमेश्वर' म्हणता तेव्हा देवाला हुकूम सोडता का?

ओसरीवरचा: देवाला अरे-तुरे चालतं हो. आमच्या बिल्डिंगमधल्या ८० वर्षांच्या आजोबांना 'क्षमस्व' म्हणून बघा. आदरार्थी हवं तर 'क्षम्यताम्' म्हणा.

चौथा_मजला: बिल्डिंगचा विषय निघालाच आहे तर! आमची लिफ्ट अडीच महिने बंद होती. दारावर पाटी: 'तसदीबद्दल क्षमश्व'. श्व! खाली कोणीतरी पेनाने घोडा काढला होता. आईचे गुडघे गेलेत, तिला रोज धरून उतरवायचो आणि रोज तो घोडा बघायचो. ज्याला खरंच वाईट वाटतं तो पाटी लावत नाही, लिफ्टवाल्याला फोन करतो.

शुद्धमती: तो रंगाऱ्याचा दोष, शब्दाचा नाही. 'दिलगीर'सारखी उसनी फारशी मिरवण्यापेक्षा चुकलेलं संस्कृत बरं.

गावठी_पंडित: आलात का मूळ पदावर! 'तसदी' कुठून आली मग? 'माफ' अरबी, 'चूक' तेवढी घरची. आणि दिलगीर म्हणजे मन धरलं गेलेला, खिन्न. ओसरीवरच्यांचा सॉरी तोच. आपल्याकडे नेमका तोच अर्थ असलेला शब्द आहे आणि तुम्ही त्याला हाकलताय.

शुद्धमती: महाराजांनी फारशी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश उगाच नाही करून घेतला.

गावठी_पंडित: आणि त्यानंतर शंभरेक वर्षं कारभार कोणी केला? पेशव्यांनी. 'पेशवा' हा शब्द कुठला, जरा बघून या. मी थांबतो तोवर.

शुद्धमती: उद्धटपणा हीच तुमची विद्वत्ता.

टोरांटोकर: भांडा तुम्ही. इकडे कॅनडात पाय माझा पडला तरी सॉरी समोरचा म्हणतो. ऑन्टारिओत २००९ साली कायदाच केलाय: सॉरी म्हटलं म्हणून दिवाणी दाव्यात ती दोषाची कबुली धरत नाहीत. शब्द पोकळ असता तर त्याला घाबरून कायदा कशाला लागला असता?

चौथा_मजला: म्हणजे वकील सांगेल तेव्हाच वाईट वाटायचं. छान.

टोरांटोकर: उलट! 'अपॉलॉजी'चं मूळ बघा, ग्रीकमध्ये ते बचावाचं भाषण. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसने कोर्टात केली ती हीच, त्यात माफीचा म सुद्धा नव्हता. त्यापेक्षा सॉरी प्रामाणिक.

सुरमई: तुमचे सगळे शब्द राहू द्या. माझ्या बाबांनी जन्मात एकदाही सॉरी, क्षमस्व, दिलगीर काही म्हटलं नाही. सातवीत असताना न केलेल्या चोरीबद्दल मला मारलं. पैसे दुसऱ्या दिवशी त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात सापडले. रात्री जेवायला बसलो तर सुरमईचा मधला तुकडा, जो कायम त्यांचा असायचा, माझ्या ताटात. आई काही बोलली नाही. मीही नाही. बसमध्ये कोणाला पाय लागला की आपण हात लावून छातीशी नेतो, त्याला कुठला शब्द आहे?

चौथा_मजला: तुकडा मिळाला म्हणून विसरलात? मी नसतो विसरलो.

सुरमई: विसरले असते तर इथे लिहिलं असतं का?

शुद्धमती: व्युत्पत्ती तपासली. सॉरी-सॉरो वेगळे, हे मान्य. पेशवाही फारशी, तेही मान्य. 'क्षमस्व' मात्र मी सोडणार नाही.

गावठी_पंडित: हे मान्य करायला तुम्हाला पडलेल्या तसदीबद्दल क्षमश्व.