वाहत्या कानात समुद्रफेसाची पूड घालावी का?

प्रश्न:
माझ्या सहा वर्षांच्या मुलाचा उजवा कान महिनाभर अधूनमधून वाहतो आहे. गावाहून आलेल्या आत्याबाईंनी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस आणवला असून, त्याची वस्त्रगाळ पूड कानात घालून वर लिंबाच्या रसाचे दोन थेंब सोडावेत, असा त्यांचा आग्रह आहे. हा तुकडा हाताला अगदी हलका लागतो. त्याची एक बाजू टणक आहे आणि दुसरी इतकी मऊ, की नखाने ओरखडताच खडूसारखी भुकटी निघते. हा खरोखर समुद्राचा वाळलेला फेस आहे का, आणि मुलाच्या कानात तो घालणे सुरक्षित आहे का?

प्रतिसाद १:
नावात फेस असला तरी हे माकूल (कटलफिश) या समुद्री जीवाच्या पाठीतले कवच आहे. आम्ही किनाऱ्यावरची माणसे माकूल साफ करताना ते रोज काढतो. मेलेल्या माकूलाचे कवच पाण्यावर तरंगत वाळूत येऊन पडते, म्हणून जुन्या लोकांना तो फेस वाटला असावा. त्यात अतिशय बारीक कप्पे असतात आणि त्यांतील वायू व पाणी यांचे प्रमाण बदलून तो जीव पाण्यात वर-खाली होतो. पोपट पाळणारे हेच कवच पिंजऱ्यात अडकवतात. दुकानात मागताना मात्र नाव नीट सांगावे, कारण समुद्रफळ आणि समुद्रशोष ही निराळी, वनस्पतींपासून मिळणारी औषधे आहेत.

प्रतिसाद २:
मी आयुर्वेदाची चिकित्सा करतो. आत्याबाई सांगतात तो उपाय परंपरेतला आहे, त्यांना खोटे ठरवू नका. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात समुद्रफेन चक्षुष्य (डोळ्यांना हितकर), लेखन (साचलेले खरवडून काढणारा) आणि शीतल सांगितला असून कानाच्या दुखण्यावरही त्याचा उल्लेख आहे. तरीही तुमच्या मुलाच्या कानात तो आज घालू नका, असे मी कळकळीने सांगतो. हे द्रव्य मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आहे. बशीत चिमूटभर पूड घेऊन लिंबू पिळून पाहा, लगेच फसफसून वायू सुटेल. महिनाभर वाहणाऱ्या कानात पडद्याला छिद्र असण्याची शक्यता बरीच असते, आणि तसे असेल तर पूड व आंबट रस थेट मधल्या कानात उतरतील, पूड तिथे थिजून बसेल आणि आत काय चालले आहे ते तपासणाऱ्यालाही दिसणार नाही. पडदा पाहिल्याशिवाय कोणताही थेंब नको, तेलही नको. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा बाहेरच्या बाजूला ठेवा. कानामागे सूज, ताप किंवा चक्कर दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

प्रतिसाद ३:
थोडी भर घालतो. चिनी वैद्यकात हेच कवच जठरातील आम्लपित्तावर पोटातून देतात आणि त्यामागचे कारण उघड आहे, कारण कार्बोनेट आम्लाला मारते. पण लोहाच्या गोळ्या किंवा काही प्रतिजैविके चालू असतील, तर त्यांचे शोषण कॅल्शियममुळे कमी होते, म्हणून तिथेही विचारूनच घ्यावे. होमिओपॅथीतील सेपिया हे औषध मात्र या कवचापासून नव्हे, तर त्याच प्राण्याच्या शाईपासून बनवतात.

मूळ प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. बशीतला प्रयोग आत्याबाईंसमोर केला. फसफसणारा फेस पाहून त्यांनीच पुडी कागदात बांधून माळ्यावर ठेवली. उद्या सकाळी मुलाला कानाच्या डॉक्टरांकडे नेत आहे आणि त्याही सोबत येत आहेत.