गुंठ्याला कायदा मिळाला, गटाराला पैसा कोठून येणार?

कृष्णाकाठ (सांगली)

विधिमंडळाचे नागपूरचे 2025 चे हिवाळी अधिवेशन 8 ते 14 डिसेंबर असे आठवडाभरच चालले. त्या आठवड्यात सरकारने 75,286 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या (मूळ अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाला मंजुरी) मांडल्या, आणि तुकडेबंदी कायद्यात सूट देणाऱ्या नोव्हेंबरमधील अध्यादेशाच्या जागी विधेयकही आणले. या दोन्ही विषयांवर लोक वेगवेगळे बोलत आहेत. सांगलीत राहणाऱ्या माणसाने मात्र ते एकत्र वाचावेत, असे मला वाटते.

ज्यांनी हा विषय पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1947 च्या या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडून विकण्यास बंदी आहे. 2023 च्या अधिसूचनेनुसार ही मर्यादा बागायतीसाठी दहा आणि जिरायतीसाठी वीस गुंठे आहे. तरीही गावोगावी एकेक गुंठा विकला गेलाच. असे जुने व्यवहार नियमित करण्यासाठी पूर्वी बाजारमूल्याच्या पंचवीस टक्के रक्कम भरावी लागे, पुढे ती पाच टक्के झाली, आणि आता शहरी व निवासी क्षेत्रांतील 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले व्यवहार कोणतेही शुल्क न घेता नियमित होणार आहेत. सुमारे 49 लाख कुटुंबांना याचा लाभ होईल, असे सरकार सांगते.

माझा आक्षेप लाभाला नाही, त्यामागच्या हिशेबाला आहे. मार्च 2025 मध्ये अजित पवार यांनी मांडलेला 2025-26 चा अर्थसंकल्प 7,00,020 कोटींचा होता आणि त्यातच 45,891 कोटींची महसुली तूट दाखवली होती. त्यानंतर पावसाळी अधिवेशनात 57,509 कोटींच्या आणि आता 75,286 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. दोन्हींची बेरीज मूळ अर्थसंकल्पाच्या सुमारे एकोणीस टक्के होते. ज्या राज्याला आपला वर्षाचा खर्च नऊ महिन्यांत दोनदा नव्याने मांडावा लागतो, ते राज्य हातातले शुल्क सोडून देते आणि त्या वसाहतींच्या रस्त्यांसाठी व गटारांसाठी अर्थसंकल्पात वेगळे लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे स्वतंत्र खाते, काढत नाही, याला मी अर्धवट कायदा म्हणतो. कागद नियमित झाला म्हणून साचलेले पाणी हटत नाही.

विट्याचा वकील

कृष्णाकाठ यांच्याशी मी असहमत आहे, आणि त्यांच्या मांडणीत एक मूलभूत घोळही आहे. तुकडेबंदीचे व्यवहार नियमित करण्याचे शुल्क राज्याच्या तिजोरीत जाई. त्यातून आपल्या गल्लीचे गटार होणार, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. रस्ते-गटारांसाठीचे विकास शुल्क ही वेगळी बाब आहे. ते 2001 च्या गुंठेवारी अधिनियमाखाली, म्हणजे विनापरवाना गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट नियमित करण्याच्या कायद्याखाली, स्थानिक नियोजन प्राधिकरण घेते. नव्या विधेयकाने पहिली रक्कम माफ झाली, दुसरी नाही.

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. तीस वर्षांपूर्वी एखाद्या कामगाराने एक गुंठा घेतला. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवता येत नाही म्हणून त्याने नोटरीचे साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि जोडीला कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार) करून घेतले, पूर्ण पैसे दिले, घर बांधले. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचेच राहिले; फार तर ‘इतर हक्क’ सदरात तुकडेबंदीविरुद्ध व्यवहार असल्याचा शेरा पडला. दरम्यान मूळ मालक वारला आणि कुलमुखत्यारपत्र त्याच्याबरोबरच संपले. आता त्याचे चार वारस सहीसाठी पुन्हा पैसे मागतात. घर तारण ठेवून कर्ज मिळत नाही, मुलीच्या लग्नासाठी ते विकायचे म्हटले तर गिऱ्हाईक निम्म्या भावात मागते. या माणसाला ‘आधी पाच टक्के भर, मग तुझे नाव लावू’ असे सांगण्यात कोणते अर्थकारण आहे? माझ्याकडे आलेल्या बहुतेक पक्षकारांनी पाच टक्क्यांचा आकडा ऐकून फाइल परत नेली. जे शुल्क कोणी भरतच नव्हते, ते सोडल्याने तिजोरीचे काय गेले?

निवृत्त लेखाधिकारी (मिरज)

दोघांच्याही मांडणीत थोडी दुरुस्ती करतो. सवय जात नाही.

कृष्णाकाठ यांची बेरीज बरोबर आहे, परंतु पुरवणी मागणीचा ढोबळ आकडा म्हणजे तिजोरीवरचा निव्वळ भार नव्हे. त्यात केंद्राकडून येणाऱ्या रकमा असतात, एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणाऱ्या रकमाही असतात. शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरच्या अतिवृष्टीनंतर जाहीर झालेले 31,628 कोटींचे मदत पॅकेज मार्चमध्ये कोणालाच दिसत नव्हते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 205 मध्ये पुरवणी मागण्यांची तरतूद आहे ती अशाच प्रसंगांसाठी. 2019 मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी तरी पुराच्या खर्चाला उधळपट्टी म्हणू नये.

मात्र हे सांगून मी सरकारला मोकळे सोडत नाही. अतिवृष्टी आकस्मिक असते. लाडक्या बहिणींचा पंधराशेचा हप्ता आकस्मिक नसतो. त्यासाठी मार्चमध्ये 36,000 कोटी ठेवलेच होते. म्हैसाळ उपसा योजनेचा 200 मेगावॅटचा सौर प्रकल्पही त्याच अर्थसंकल्पात होता, तोही आधी विचार करूनच. म्हणजे ठरवले की नियोजन जमते. मग गुंठेवारीचा प्रश्न आकस्मिक कसा ठरतो? 1965 पासूनच्या व्यवहारांसाठी नोव्हेंबरमध्ये अध्यादेश काढण्याची निकड काय होती? अधिवेशन 14 डिसेंबरला संपले आणि 15 डिसेंबरला महापालिका निवडणुकांचा कार्यक्रम जाहीर झाला, एवढेच नोंदवतो.

वकीलसाहेबांना एक विनंती. ज्या विधेयकामुळे राज्याच्या निधीतून खर्च होणार असतो, त्याला वित्तीय ज्ञापन जोडावे लागते. शुल्कमाफीने खर्च होत नाही, उत्पन्न बुडते, त्यामुळे अशा विधेयकात ते पान अनेकदा एका वाक्यात आटोपते. आपण विधेयके वाचता; ते पानही पक्षकारांना वाचून दाखवत जा.

द्राक्ष बागायतदार (तासगाव)

इथे सगळे गुंठा घेणाऱ्याबद्दल बोलत आहेत. ज्या रानाचा गुंठा झाला त्याबद्दल कोणी बोलेल का?

एका एकरात चाळीस गुंठे. त्यात बारा फुटांचा रस्ता सोडला, न सोडल्यासारखाच, की पस्तीस-छत्तीस प्लॉट पडतात. ऊस किंवा द्राक्ष करून जे उत्पन्न दहा वर्षांत मिळणार नाही, ते जमीनमालकाला आणि त्याहून जास्त मधल्या एजंटाला सहा महिन्यांत मिळते. टेंभू, ताकारी, म्हैसाळचे पाणी यावे म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीने मोर्चे काढले. आज पाणी आले की पाठोपाठ प्लॉटिंगचा फलक येतो. सार्वजनिक पैशाने भिजवलेल्या रानावर घरे उभी करायला सरकारच वाट मोकळी करून देते आहे.

अंतिम तारीख ठरलेली आहे, असे कोणी सांगू नये. गुंठेवारीच्या 2001 च्या कायद्यात 1 जानेवारी 2001 ही तारीख होती. 2021 मध्ये ती 31 डिसेंबर 2020 झाली. आता तुकडेबंदीत 15 ऑक्टोबर 2024. तारीख सरकते, हे एजंटाला पाठ आहे. ‘आज घ्या, पुढच्या निवडणुकीपर्यंत कायदेशीर होईल’ हे त्याचे वाक्य मी स्वतःच्या बांधावर ऐकले आहे.

उपनगरातली गृहिणी

दादा, तुमच्या रानाबद्दल आदर आहे, परंतु आम्ही रान खायला आलो नव्हतो. माझे मालक कारखान्यात फिटर होते. 1998 साली शहरात मंजूर प्लॉटचा भाव विचारला आणि परत आलो. एक गुंठा परवडला, तेवढाच घेतला. तेव्हा म्हाडाचे किंवा सरकारचे घर आमच्या पगारात मिळत असते, तर आम्ही नोटरीच्या कागदावर आयुष्याची पुंजी लावली असती का?

आमच्या वसाहतीचे नाव लिहीत नाही, कारण त्यावरून वेगळाच वाद सुरू होईल. काळी माती आहे. जूनचा दुसरा पाऊस झाला की चप्पल रुतते, म्हणून मुली शाळेचे बूट पिशवीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत अनवाणी जायच्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या नळावर पाय धुऊन बूट घालायच्या. आता नाती तेच करतात. मोटारसायकल दुकानापाशीच ठेवावी लागते. शोषखड्डा भरला की पाणी उलटे मोरीतून घरात येते, त्यासाठी मोरीच्या तोंडावर ओल्या चिंध्यांचा बोळा आणि वर पाटा ठेवलेला असतो. विकास शुल्क आम्ही 2006 मध्ये भरले आहे, पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. गटार अजून आलेले नाही.

म्हणून वकीलसाहेबांचे म्हणणे मला पटते आणि कृष्णाकाठ यांचेही. सातबाऱ्यावर नाव पाहिजेच. परंतु नाव लागल्यावर ‘तुमचे काम झाले’ असे कोणी म्हणू नये.

कृष्णाकाठ (सांगली)

वकीलसाहेबांची दुरुस्ती मान्य. दोन शुल्कांची मी सरमिसळ केली होती. मात्र ताईंची पावती वाचल्यावर माझा मूळ मुद्दा अधिकच पक्का झाला. जे शुल्क गटारासाठी म्हणून घेतले त्यातूनही गटार झाले नाही, तर नुसत्या नियमितीकरणाने काय होईल? ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून त्या त्या वसाहतीतच खर्च व्हायला हवी, आणि दरवर्षी तिचा हिशेब प्रसिद्ध व्हायला हवा. आपल्या महापालिकेत ऑगस्ट 2023 पासून प्रशासक होते, त्यामुळे हा प्रश्न सभागृहात विचारायला नगरसेवकच नव्हते.

बागायतदारांशी मात्र माझे अंशतःच जुळते. तारीख सरकते हे खरे, पण ती सरकू नये म्हणून कायदा कडक करून भागणार नाही. कायदा 1947 पासून कडकच होता. स्वस्त मंजूर प्लॉट नसतील तोवर एजंटाचे वाक्य खपत राहणार.

द्राक्ष बागायतदार (तासगाव)

मग मंजूर प्लॉट पडीक माळावर पाडा. जिल्ह्यात खडकाळ माळ कमी आहे का? तिथे रस्ता-पाणी आधी न्या आणि मग विका. त्यासाठी पुढच्या मार्चच्या अर्थसंकल्पात रक्कम दिसली, तर मी माझे शब्द मागे घेईन.

विट्याचा वकील

ही सूचना वाजवी आहे, फक्त माळावर कामाला जाणारी बस कोण सोडणार हेही त्यात लिहा. ताई, आपल्याला एक व्यावहारिक सल्ला देतो. नवा कायदा आपोआप सातबारा बदलणार नाही. आधी चालू उतारा काढा, ‘इतर हक्क’ सदरात नेमका कोणता शेरा आहे ते पाहा, आणि मूळ मालकाचे वारस कोण नोंदले आहेत याचे फेरफार (हक्कातल्या बदलाच्या नोंदी) घ्या. नोटरीचा कागद नियमित होण्याआधी त्याचे नोंदणीकृत खरेदीखत करावे लागेल, मुद्रांक शुल्कही भरावे लागेल. ‘शुल्क माफ’ या दोन शब्दांवर विसंबून कोणाला रोख रक्कम देऊ नका.

उपनगरातली गृहिणी

काल उतारा काढून आणला. शेरा आहेच. वारसांत पाच नावे आहेत, त्यांतले एक पुण्याला आणि एक दुबईला असते. 15 जानेवारीच्या मतदानासाठी आज दोन उमेदवार दारात आले होते. दोघांनीही ‘तुमचा गुंठा आम्ही कायदेशीर केला’ असे सांगितले. मी 2006 ची पावती बाहेर आणून दाखवली, तर एकाने तिचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.