रिमोटच्या गाडीच्या बीडलॉक चाकाची रिंग आवळली तरी टायर रिममध्ये फिरतोय. चिकटवून टाकू का?

वाइंडिंगवाला, पाळधी

राम राम मंडळी. पाळधीला हायवेलगत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मे महिन्यात विहिरींच्या मोटारी अशा जळून येतात की दिवसा जेवायला फुरसत नाही. रात्री नऊनंतर शटर अर्धं ओढलं की मग माझी क्रॉलर, म्हणजे दगडांवर चढणारी रिमोटची गाडी, बाकावर येते. वडील रोज डोकावून एकच विचारतात, "हाई काय करी ऱ्हायना तू? गिऱ्हाईकनी मोटार तशीच पडेल शे."

गाडी १/१० स्केलची, पुण्याच्या एका मुलाकडून जुनी घेतलेली. तिच्यावर प्लास्टिकची चाकं होती. रिंग आणि स्क्रू नुसते दिसायला, टायर खरं तर चिकटवलेले. टायर घासून टक्कल पडलं म्हणून मी १.९ इंची ॲल्युमिनियमची खरी बीडलॉक चाकं (टायरची कड स्क्रूच्या रिंगखाली आवळून धरणारी) आणि १२० मिमी उंचीचे मऊ टायर मागवले. एका चाकाला दोन्ही बाजूंनी ८-८ स्क्रू, म्हणजे चार चाकांचे ६४. पाकिटात आलेली ॲलन की दुसऱ्याच चाकाला गोल झाली. तीन रात्री गेल्या त्यात.

रविवारी पहाटे ऊन चढायच्या आत एरंडोलच्या पुढे पद्मालयाच्या वाटेवरच्या टेकाडावर गेलो. काळा दगड, चढ फार नाही. पुढचं उजवं चाक फिरतंय, पण गाडी जागची हलत नाही. आधी वाटलं हेक्स गेला, म्हणजे चाकाला फिरवणारा षटकोनी तुकडा. मग व्हाइटनरनं रिमपासून टायरपर्यंत एक सलग रेघ मारली आणि पुन्हा चढवली. दहा मिनिटांनी रिमवरची रेघ बारावर आणि टायरवरची चारवर! म्हणजे रिम आतल्या आत फिरतेय आणि टायर दगडाला धरून बसलाय.

मागचं डावं चाक तर लंगडतं. सपाट फरशीवर सोडलं की डुलत जातं.

वैतागून आणखी आवळायला गेलो तर दोन स्क्रूंचे आटे मेले. कॉपर वायर ओढणारा हात, नाजूक काम येतं अशी घमेंड होती, ती उतरली. आता असं वाटतंय की कडेला फेविक्विक सोडावं आणि विषय संपवावा. कोणी केलंय का?

चोपड्याचा पोरगा

लाव भाऊ बिनधास्त. कंपनीचे टायर चिकटवलेलेच येतात ना? माझे दोन वर्षं झाली, हलले नाहीत.

शेडवाला काका, भुसावळ

थांबा भाऊ, घाई करू नका. चोपडेकरांचं खोटं नाही, पण त्यांची चाकं प्लास्टिकची असणार. तुम्ही ६४ स्क्रूंची चाकं घेतली ती टायर काढता-घालता यावेत म्हणून. चिकटवलेला टायर काढायचा तर चाक उकळत्या पाण्यात घालायचं नाही तर ॲसिटोनमध्ये भिजवायचं. नंतर रिमच्या खाचेतला तो पांढरा चुरा खरवडत बसाल. मग एवढी महाग चाकं घेतली कशाला?

मी भुसावळला लोको शेडमध्ये फिटर होतो, आता नातवाच्या निमित्तानं या गाड्यांत पडलोय. रेल्वेच्या जुन्या चाकांना पोलादी टायर वेगळा असायचा. तो तापवून फुगवायचा, चाकावर चढवायचा, निवला की आवळून बसतो. वर आतून एक रिंग ठोकायची, गिब्सन रिंग म्हणतात तिला. तरीसुद्धा टायर सरकला का हे कळायला तुमच्यासारखीच रंगाची रेघ मारत असू. तुमची व्हाइटनरची रेघ वाचली आणि हसू आलं. बरोबर रस्त्यावर आहात.

आता मुद्द्याचं. मोटारसायकलच्या ट्यूबलेस टायरमध्ये हवा कडेला रिमवर दाबून धरते. आपल्या टायरमध्ये हवा नाही, फोम आहे. कडेत तारही नाही, नुसता जाड रबर. म्हणजे टायर धरून ठेवायचं सगळं काम त्या रिंगचं. रिंग आवळलीय आणि टायर तरी फिरतोय, याचा अर्थ स्क्रूचा जोर रबरावर जातच नाहीये, दुसऱ्याच कशावर तरी जातोय. कशावर ते शोधा.

पहिलं, टायर काढा आणि नुसती रिंग रिमवर ठेवून एक स्क्रू शेवटपर्यंत फिरवा. स्क्रू पुढे जायचा थांबला आणि रिंग बोटानं हलतेय? मग स्क्रू लांब आहे. त्याचं टोक भोकाच्या तळाला टेकतंय. हाताला लागतं घट्ट, पण डोकं रिंगला दाबत नाही. अशा वेळी माणूस आणखी जोर लावतो आणि आटे उडवतो. तुमचे दोन तसेच गेले असणार. एम२ चे, म्हणजे २ मिमी जाडीचे, स्क्रू ६ मिमी आणि ८ मिमी, दोन्ही लांबीचे मिळतात. एकाच पाकिटात मिसळून आलेले मी स्वतः पाहिलेत.

दुसरं, स्क्रू बरोबर निघाले तर टायर घालून आवळा आणि रिंग धातूला टेकते का बघा. काही चाकांत ती टेकणं अपेक्षितच असतं. पण टेकूनही कड बोटानं सरकत असेल तर टायरची कड या रिमसाठी पातळ आहे. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची ४-५ मिमी रुंद पट्टी गोल कापून कडेवर ठेवतो, वरून रिंग. फुकटचा इलाज आहे, नातवाच्या चारही चाकांत तेच आहे.

आवळताना एकामागोमाग एक गोल फिरायचं नाही. एक लावला की समोरचा, मग काटकोनातले दोन, मग उरलेले. पहिल्या फेरीत नुसते टेकवा, दुसऱ्या फेरीत अर्धे, तिसऱ्यात पुरे. एक बाजू आधी पुरी आवळली की रिंग तिरकी बसते आणि समोरची बाजू कितीही दाबा, रबर तिकडे फुगलेलाच राहतो. तुमचं लंगडं चाक बहुधा हेच. एम२ ला की दीड मिमीची लागते. चांगल्या पोलादाची घ्या आणि तिची लांब बाजू स्क्रूत घालून आखूड बाजू दोन बोटांत धरा. तेवढाच जोर पुरे.

मेलेल्या आट्यांचं म्हणाल तर आठातले दोन गेले आणि ते शेजारी-शेजारी नसले तर मी हात लावला नसता. शेजारी असले तर २.०५ मिमीचं भोक पाडून एम२.५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा, रिंगचं भोकही तेवढं मोठं करा. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेलाचा थेंब टाकून. तुमच्या दुकानात ड्रिल असणारच.

लळिंगचा दगड, धुळे

काकांना नमस्कार. सगळं पटलं, पण मला फोमचा वास येतोय 😀

वाइंडिंगवाले भाऊ, टायर घालताना फोमची कड रिंगखाली चिमटली गेली नाही ना? माझी पहिली चाकं अशीच फिरायची. लळिंगच्या पायथ्याला चार रविवार मी मोटर, गिअर, हेक्स सगळं उघडून पाहिलं आणि शेवटी फोम निघाला. रबर आणि धातूच्या मध्ये फोमचा पातळ पापुद्रा जरी आला तरी पकड संपली, कारण तो दबतच राहतो. आज आवळलं, उद्या ढिलं.

फोम आधी टायरमध्ये घालून बोटानं चहूबाजूंनी सारखा करायचा. पीळ राहिला तर चाक डुलणारच, रिंग कितीही सरळ असू दे. मग रिमचा ड्रम (मधला गोल भाग) आत घालायचा आणि रिंग ठेवण्याआधी अंगठ्यानं फोम आत ढकलत पूर्ण गोल फिरायचं. दोन्ही बाजूंनी. फोम रुंद असेल तर कात्रीनं कापा, लाज वाटू देऊ नका.

आणि नवीन टायरच्या कडेला साच्यातलं तेलकट काहीतरी असतं. भांड्याच्या साबणानं धुवा, सावलीत पूर्ण वाळू द्या. साबणाचं पाणी लावून टायर चढवायची सवय असते ना आपल्याला, पंक्चरवाल्याचं बघून? ती इथे नको. ओली कड घसरते. टायर चमकवायचं पॉलिश तर अजिबात नको.

रिमला एक बारीक भोक असतं ते टेपनं बुजवलं नाही ना? हवा आत-बाहेर गेली नाही तर टायर फुग्यासारखा उसळतो, दगडाला चिकटत नाही.

चाकं उघडलीच आहेत तर हायवेच्या टायरवाल्याकडून बॅलन्सिंगच्या शिशाच्या चिकटपट्ट्या आणा, ५ ग्रॅमच्या तुकड्यांच्या. पुढच्या चाकांत ड्रमवर सारख्या अंतरानं चिकटवा. पुढचं टोक खाली राहतं, चढावर गाडी उलटत नाही. मागे नको.

चोपड्याचा पोरगा

काकांनी ओळखलं, माझी चाकं प्लास्टिकचीच. एक विचारू? ॲल्युमिनियमच्या चाकांच्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा द्रव) लावायचं का? मागे मी प्लास्टिकच्या भागावर लावलं होतं तर आठवड्यात बारीक भेगा पडल्या.

शेडवाला काका, भुसावळ

धातूत धातू असेल तर निळं, आणि ते सुद्धा सुईच्या टोकावर येईल एवढंच. लाल कधीच नाही, एम२ चं डोकं तुटेल पण स्क्रू निघणार नाही. प्लास्टिकला थ्रेडलॉक लावूच नका, काही जातींचं प्लास्टिक त्यानं तडकतं. तुमच्या भेगा त्याच्याच. आणि वाइंडिंगवाले भाऊ, चाकं पक्की बसल्याची खात्री होईस्तोवर तुम्हीही लावू नका. उगाच दोनदा काम.

वाइंडिंगवाला, पाळधी

काल रात्री लाईट गेली म्हणून हेडलाइट बांधून बसलो. घामानं की सटकत होती, इकडे रात्रीही भट्टीच असते.

काका, तुम्ही म्हणालात तसा नुसत्या रिंगवर स्क्रू फिरवला. रिंग चक्क खुळखुळली! व्हर्नियर लावला तर ६४ पैकी २३ स्क्रू ८ मिमीचे, बाकी ६ चे. मी ते एकाच वाटीत ओतून जो हाताला लागेल तो लावत गेलो होतो. नवीन आणायला जळगावला जायचा कंटाळा, म्हणून बेंच ग्राइंडरवर घासून सगळे ६ चे केले. घासायच्या आधी प्रत्येकाला एक नट घालून ठेवला, नंतर नट उलटा काढला की टोकावरचे आटे आपोआप साफ होतात. हे मोटारीच्या स्टडवर नेहमी करतो, इथे उपयोगी पडलं.

धुळेकर, तुमचं नाक तीक्ष्ण आहे. लंगड्या चाकात फोमला पीळ होताच, शिवाय आतल्या बाजूला बोटभर फोम रिंगखाली. कापला. शिसं आज आणलं, पुढच्या दोन्ही चाकांत ४०-४० ग्रॅम.

मेलेले दोन आटे शेजारी नाहीत, तसेच ठेवले. ट्यूबच्या पट्टीची गरज तीन चाकांना पडली नाही. पुढच्या उजव्याला मात्र कड अजून अंगठ्यानं किंचित सरकत होती, तिथे लावली. शेजारच्या सायकलवाल्यानं ट्यूब दिली आणि टायर हातात घेऊन विचारलं, "याची तार कुठंय?" नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच फसलोय.

व्हाइटनरच्या रेघा चारही चाकांवर नव्यानं मारल्यात. आज पहाटे पुन्हा त्याच टेकाडावर अर्धा तास चालवली. तीन रेघा जागच्या जागी. पट्टी लावलेल्या चाकाची रेघ गव्हाच्या दाण्याएवढी सरकलीय. काका, पट्टी डबल करू का आतल्या बाजूलाही लावू?

शेडवाला काका, भुसावळ

डबल नको, रिंग उचलली जाईल आणि स्क्रूला आटे पुरणार नाहीत. आतल्या बाजूला एक लावा. आणि पट्टीवरची पावडर पुसली होती का? नव्या ट्यूबला पांढरी पावडर असते.

वाइंडिंगवाला, पाळधी

नाही पुसली.