'अंडर द नॉर्थ स्टार' : पहिला भाग गाळून दुसरा वाचावा का?

वाचनवेल्हाळ :
व्हाइनो लिन्ना यांची ही फिनलंडची तीन भागांची कादंबरी (१९५९ ते १९६२) इंग्रजीतून वाचायला घेतली आहे. बरीच पानं झाली, तरी युस्सी अजून दलदलच उपसतोय. मला १९१८ च्या यादवीबद्दल वाचायचंय. थेट दुसरा भाग घेतला तर चालेल का?

कुळाचा_नातू :
कृपा करून गाळू नका. दुसऱ्या भागातला राग त्या दलदलीतूनच येतो.

युस्सी पाळकाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या धर्मगुरूच्या, घरचा गडी. पाळकाच्या ताब्यातली पडीक दलदल मागून घेतो, चर खणून पाणी काढतो, कुदळीने खुंट उपटतो. त्यात पाठ कामातून जाते. बोली सगळी तोंडी. खंड श्रमात फेडायचा : ठरलेले दिवस मालकाच्या शेतावर राबायचं, मग घरचं पीक कापणीला आलेलं का असेना. पुढे नवा पाळक येतो आणि कसलेल्या जमिनीतलाच एक तुकडा काढून घेतो. कागदच नाही, दाद कुठे मागणार? हे सगळं मुलगा, अक्सेली, बघत असतो. समाजवाद त्याला नंतर भेटतो, गावच्या हाल्मे शिंप्याकडून.

आणि तो नवा पाळक दुष्ट नाही. मवाळ, भिडस्त आहे, त्याला वाईटही वाटतं. तरी जमीन जातेच. लिन्नांचं मोठेपण मला इथे दिसतं.

माझे आजोबा अलिबागकडे खोताचं कूळ होते. चरी गावच्या १९३३ च्या शेतकरी संपाच्या गोष्टी आमच्या घरात अजून निघतात. त्यामुळे तो तुकडा जातो ते प्रकरण मला एका बैठकीत वाचवेना.

टांपेरेकर :
लिन्ना फिनलंडमधल्या आमच्या टांपेरे शहरातल्या फिनलेसन कापडगिरणीत कामगार होते. वर म्हटलंय त्याला पूर्ण अनुमोदन. जेमतेम तीस लाखांच्या देशात १९१८ साली ३५ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातली हजारो युद्ध संपल्यावर, कैद्यांच्या छावण्यांत, भुकेने आणि रोगाने. पुढे कित्येक वर्षं उघडपणे बोलली गेली ती जिंकलेल्या 'पांढऱ्यांची'च, म्हणजे सधन वर्गाच्या पक्षाची, बाजू. दुसरा भाग आल्यावर इतिहासकारांशी जोरदार वाद झाला, आणि हरलेल्यांच्या, म्हणजे 'लाल' बाजूच्या कामगार-कुळांच्या, घरातलं दुःख पहिल्यांदा चारचौघांत आलं.

वाचनवेल्हाळ :
दोघांचे आभार, मागे जाऊन नीट वाचते. पण शेवटी कुळांना जमीन मिळाली का?

कुळाचा_नातू :
मिळाली. विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा ऑक्टोबर १९१८ चा, युद्ध संपून पाच महिने झाल्यावरचा. तोवर अक्सेलीचे दोघे धाकटे भाऊ जिवानिशी गेले होते. आपल्याकडे कूळकायदा १९४८ चा, आणि कुळांना जमिनीचे मालक मानणारा कृषक दिन उजाडला १ एप्रिल १९५७ ला.

एक करा, युस्सीच्या कोस्केला घराण्याची वंशावळ कागदावर काढून जवळ ठेवा, तिसऱ्या भागात नावं फार वाढतात. अक्सेलीच्या मुलावर, विल्होवर, लक्ष असू द्या. लिन्नांच्या १९५४ च्या युद्धकादंबरीतला लेफ्टनंट कोस्केला तो हाच.