मदत हवी आहे: परसातल्या डेकसाठी कंत्राटदाराचा दर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ कळंब्याला आमच्या घरामागं 12 बाय 10 फुटांचा डेक करायचाय. लोखंडी सांगाडा, वर डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या) पट्ट्या. आईचे गुडघे दुखतात, परसात उतरायला तीन पायऱ्या आहेत. दारातून सरळ बाहेर येऊन तिला झाडांजवळ बसता यावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

दोन दर आलेत. एकानं साहित्यासह चौरस फुटाला 850 सांगितले, म्हणजे 1,02,000. उद्यमनगरातले दुसरे फॅब्रिकेटर लोखंडाचं काम किलोवर करतात, मजुरीसह 110 रुपये. पट्ट्या आपण आणायच्या. तुलना करायची कशी? 50 बाय 50 चा 2 मिमी पाइप मीटरला साधारण 3 किलो भरतो, पण एकूण पाइप किती लागेल हे ते लिहून देत नाहीत. मला तिथंच शंका येते.

पट्ट्यांखाली आधार किती अंतरावर घ्यावा? आपल्याकडचा पाऊस बघता रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग पुरेल की गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइपच घ्यावा? जीएसटी, रेलिंग आणि पायाचं काँक्रीट दरात धरलंय का, हेही विचारायचंय. आणखी काय लिहून घेऊ? कुणी हल्ली असं काम करून घेतलं असेल तर खर्च नक्की सांगा. जूनच्या आत उरकायचंय.