काळ खरोखर आहे की केवळ मनात?

प्रश्न
ख्रिस्ती तत्त्वज्ञ ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाचे अकरावे प्रकरण वाचताना एका जागी अडलो आहे. भूतकाळ उरलेला नाही, भविष्यकाळ आलेला नाही आणि वर्तमानाला लांबीच नाही, तर आपण मोजतो ते काय, असे विचारून तो काळाला मनाचा विस्तार ठरवतो. पाठ असलेले स्तोत्र म्हणू लागलो की म्हटलेला भाग स्मृतीत सरकतो आणि उरलेला अपेक्षेत असतो, हे त्याचे उदाहरण मला मनापासून पटते. पण मन नसेल तर काळही नाही, असे मध्ययुगीन तत्त्वज्ञ मानत होते का? आणि मग शाश्वततेचे काय?

प्रतिसाद १
सरसकट तसे मानत नव्हते. पॅरिसच्या बिशपांनी १२७७ मध्ये जी २१९ विधाने निषिद्ध ठरवली, त्यांत काळ वस्तुतः काहीच नसून केवळ आकलनात असतो, या आशयाचेही एक होते. वादाचे मूळ अ‍ॅरिस्टॉटलमध्ये आहे: काळ ही आधी-नंतरच्या क्रमाने मोजलेली गतीची संख्या असेल, तर मोजणाराच नसताना ती संख्या उरेल का? अ‍ॅरिस्टॉटलचा मध्ययुगीन मुस्लिम भाष्यकार इब्न रुश्द याचे उत्तर मला सर्वांत नेमके वाटते. गती मनाबाहेर आहेच, म्हणून काळही तेथे संभाव्य रूपात आहे. मन मोजते तेव्हा तो प्रत्यक्षात येतो.

प्रतिसाद २
शाश्वतता म्हणजे न संपणारा काळ नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने ५२४ च्या सुमारास, देहदंडाची वाट पाहत असताना, तिची व्याख्या अमर्याद जीवनाचे एकाच वेळी असलेले संपूर्ण आणि परिपूर्ण स्वामित्व अशी केली. जग अनादि-अनंत मानले तरी त्याचा कालचा दिवस हातून गेलेलाच असतो, म्हणून ते या अर्थाने शाश्वत नाही. तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ अक्वायनसने यासाठी वर्तुळाचा दृष्टान्त दिला: परिघावरचे बिंदू, म्हणजे काळाचे क्षण, एकामागून एक येतात, केंद्र, म्हणजे शाश्वतता, मात्र प्रत्येकाच्या समोर असते.

प्रतिसाद ३
वर्तुळाच्या त्या दृष्टान्तावर अक्वायनसनंतरचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ डन्स स्कोटस याचा आक्षेप विसरू नये. परिघ आधीच पूर्ण आखलेला आहे, असे अक्वायनस गृहीत धरतो. पण एक टोक स्थिर ठेवून रेषा फिरवत परिघ आखला जात असेल, तर केंद्रासमोर फक्त आत्ता आखला जाणारा बिंदू असतो. जे अस्तित्वातच नाही ते शाश्वततेलाही समोर कसे असेल? मला स्कोटसचे म्हणणे पटते, कारण त्यात घटनांचे घडणे खरे राहते.