साध्या पेट्रोल गाडीला बाहेरचा एअर इनटेक बसवून खरंच फरक पडतो का? अनुभव सांगा

माझी २०१६ ची स्विफ्ट, १.२ पेट्रोल, टर्बोबिर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर) काही नाही. बहात्तर हजार किमी झालेत. गेले दोन-तीन महिने गाडी चढावर दम टाकतेय, परवा ताम्हिणीत चौघं बसलेलो, एसी चालू, सेकंडवरून थर्ड टाकला की गाडी बसलीच. एका ॲक्सेसरीजच्या दुकानात विषय काढला तर तो म्हणाला साहेब कोन फिल्टर टाका (म्हणजे कंपनीचा एअर फिल्टरचा बंद डबा काढून त्या जागी शंकूसारखा उघडा फिल्टर), आठ बीएचपी कुठे गेले नाहीत, पाइपसकट साडेआठ हजार. आता कागदावर ८३ बीएचपी असलेल्या गाडीत हजार रुपयाला जवळजवळ एक बीएचपी मिळत असेल तर कंपनीने तो आधीच का नाही घातला, हे काही डोक्यात शिरेना. ज्यांनी स्वतःच्या खिशातले पैसे घालून बसवलंय त्यांनी लिहा. टर्बोवाल्यांनी कृपया प्रेक्षकांत बसा, तुमचं गणित वेगळं. आणि नुसतं ज्ञान नको, अनुभवासकट असेल तर चालेल.

ठाणे, २०१४ ची सिटी १.५

मी पाइप वगैरे नाही, फक्त मूळ डब्यात बसणारा तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर टाकला होता. ५२०० ला पडला, धुवायचं किट वेगळं. विकणारा म्हणाला जन्मभर चालतो, दर वेळी कागदी घ्यायला नको. पाच वर्षं चालवला. ॲव्हरेज शहरात साडेतेरा होतं ते साडेतेराच राहिलं. पिकअप पहिल्या आठवड्यात वाढल्यासारखा वाटला, पण पाच हजार खर्च केल्यावर तेवढं वाटायलाच पाहिजे ना राव.

खरी गंमत पुढे. एका रविवारी फिल्टर धुवायला काढला आणि सहज फिल्टरच्या पुढच्या पाइपात, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला बोट फिरवलं. बोटाला पिठासारखी बारीक राखाडी धूळ, किंचित चिकट. बायकोने बघून विचारलं, हे आत जातंय का? तिला काय सांगणार. आमच्या घोडबंदरला तेव्हा मेट्रोचं काम चालू होतं, रोज तीच धूळ. मग कागदी टाकला, पाइप आतून पुसून घेतला, आणि सहा महिन्यांनी परत बोट घातलं तर बोट स्वच्छ. त्या दिवसापासून जाळीवाला माळ्यावर आहे.

इचलकरंजी, जुनी आय टेन

कॉलेजात असताना कोन फिल्टर बसवला होता आणि मला कसलाही पश्चात्ताप नाही हे आधीच सांगतो. आवाज भाऊ आवाज! साडेतीन हजार आरपीएमच्या वर पाय दाबला की बॉनेटखालून जो घुंऽऽ यायचा, गल्लीच्या टोकाला आईला कळायचं पोरगं आलं, ती गॅसवर तवा ठेवायची. पण पिकअप म्हणाल तर तो कानाला वाढला, गाडीला नाही. मित्राकडे सेम गाडी, बिनफिल्टरची, म्हणजे कंपनीचा डबा असलेली, एका मोकळ्या रस्त्यावर दोघांनी थर्डमध्ये चाळीस ते ऐंशी मोबाइलवर मोजलं. सकाळी सात वाजता दोघं सारखे. दुपारी दोन वाजता मे महिन्यात परत मोजलं तर मी मागे. फिल्टर उघडा पडलेला ना, इंजिनचीच गरम वाफ ओढायचा.

नाशिक, वॅगन आर १.२, काम इंजिन टेस्टिंगचंच

वरच्या भावाने दुपारचं कारण बरोबर पकडलंय. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं. म्हणजे १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला फार फार तर ३६०० लिटर हवा मागणार. हा झाला वरचा आकडा, तोही पाय पूर्ण दाबला तर. रोजच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही दोन हजारावर असता आणि थ्रॉटलची, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की हवेला वाट देणाऱ्या झडपेची पाकळी जेमतेम उघडलेली असते. आता फिल्टर म्हणजे अंगणाचं फाटक आणि थ्रॉटल म्हणजे घराचं दार. दार बोटभर उघडं ठेवून फाटक रुंद करणाऱ्याला आपण काय म्हणतो?

पण हे झालं तोंडी, मी मोजून पाहिलंय. आठशे रुपयांचं ओबीडी डाँगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) घेतलं, मोबाइलला जोडलं. माझ्या गाडीत मॅप सेन्सर आहे, तो थ्रॉटलच्या आतल्या बाजूचा दाब दाखवतो. इंजिन बंद, फक्त किल्ली ऑन केली तर ९५ किलोपास्कल, म्हणजे बाहेरच्या हवेचाच दाब, आपण समुद्रापासून उंचावर म्हणून शंभर नाही. मग मोकळ्या चढावर सेकंडमध्ये पाय पूर्ण दाबून साडेपाच हजारापर्यंत नेली तेव्हा आकडा ९२. संपला विषय! फिल्टर, डबा, नळी, थ्रॉटल सगळ्यांनी मिळून तीन अडवले. उद्या हे सगळं काढून फेकलं आणि इंजिनला उघड्यावर श्वास घेऊ दिला तरी जास्तीत जास्त तीन टक्के, म्हणजे ८३ मध्ये अडीच बीएचपी, ते पण फक्त साडेपाच हजाराला. दुकानदाराचे आठ कुठून आले ते त्यालाच विचारा.

उलट बाजूचं गणित बघा. हवा तीन अंशांनी तापली की साधारण एक टक्का विरळ होते. मित्राचा कोन फिल्टर दोन आठवडे माझ्या गाडीवर लावून बघितला (हो, मलाही खाज होतीच). बाहेर ३४ अंश, द्वारका सर्कलला सिग्नलला उभा, आत जाणाऱ्या हवेचं तापमान ६४. कंपनीच्या डब्यात त्याच ठिकाणी ४३-४४, कारण त्याची नळी पुढे जाळीपाशी, रेडिएटरच्या वर तोंड करून ठेवलेली असते. म्हणजे कोल्ड एअर इनटेक म्हणून जे विकतात ते तुमच्या गाडीत आधीच आहे, फक्त काळ्या प्लास्टिकचं आहे आणि त्यावर स्टिकर नाही. त्या डब्याला बाजूला एक रिकामं पोट असतं ते पण पोरं कापून टाकतात. ते पोट आवाज गिळायला असतं, आणि काही गाड्यांत खालच्या आरपीएमचा ओढा सांभाळायलाही, तुम्हाला घाटात लागतो तोच.

टर्बोला फरक पडतो कारण तिथे कॉम्प्रेसर हवा खेचतो, त्याच्या आधी जे अडतं ते पुढे दाबाच्या पटीत वाढून दिसतं. म्हणून धागाकर्त्याने त्यांना बाजूला बसवलं ते योग्यच.

महाबळेश्वर

तीन टक्क्यांसाठी भांडताय होय. इथे १३५० मीटरवर हवाच पंधरा टक्के कमी, वाईतून पसरणी चढून वर आलं की गाडी आपोआप म्हातारी होते. पाहुणे दर शनिवारी विचारतात गाडीला काय झालं. काही नाही झालं, खाली उतरा, होईल नीट.

सांगे, गोवा, ईऑन

आमच्याकडे प्रश्नच वेगळा. खाणीचे ट्रक चालू असले की रस्ता लाल, झाडं लाल, वाळत घातलेली चादर लाल. मी हौसेने तेलवाला फिल्टर घातला, तर तेलाला ती लाल माती अशी धरते की दोन महिन्यांत विटेचा तुकडा हातात घेतल्यासारखं. धुवायचा, दिवसभर सुकवायचा, मग परत तेल लावायचं, पावसाळ्यात तर सुकतच नाही, आणि तेवढा वेळ गाडी उभी. शेवटी मेकॅनिक म्हणाला बाबा कागदी घाल, दर दहा हजाराला फेक. तेच करतो. कागदी फिल्टरवर धूळ बसते तसा तो अजून बारीक गाळतो हे पण त्यानेच सांगितलं. आणि कॉम्प्रेसरची हवा मारताना लांबून मारा आणि आतून बाहेर मारा, जवळून मारून मी एक फिल्टर फाडलेला आहे.

मुंबई, गाडीचं नाव सांगत नाही, चूक माझीच होती

मी सगळ्यात महागडा विद्यार्थी. वरच्या नाशिकच्या दादांनी गरम हवेचं लिहिलंय ना, तसलंच तेव्हा कुठेतरी वाचून मी शहाणपणा केला. लांब पाइप टाकून फिल्टर खाली बंपरच्या मागे, फॉग लॅम्पच्या बाजूला नेला, म्हटलं आता थंड हवा. थंड हवा आली खरी. पहिल्या जुलैत किंग्ज सर्कलला पाणी साचलं होतं, फार नाही, अर्ध्या टायरला. पुढच्या रिक्षा जात होत्या म्हणून मी पण घातली. बाजूने बस गेली, तिची लाट आली, आणि गाडी एकदाच टक् करून थांबली. तो आवाज अजून कानात आहे. मी आणखी हुशार, परत स्टार्टर मारला.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, हे आठवीत शिकलेलो. कनेक्टिंग रॉड वाकला. इंजिन डाउन केलं, बिल ६८ हजार. इन्शुरन्सवाल्यांनी एका ओळीत नाकारलं, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घेतलेलं नव्हतं, आणि सर्व्हेयरने पाइपचा फोटो काढून ठेवला तो वेगळाच. घरचे २६ जुलै २००५ चं उदाहरण देतात की त्या ९४४ मिलिमीटरमध्ये सुद्धा बाबांची गाडी दुसऱ्या दिवशी ढकलून घरी आली आणि चालू झाली. बाबांनी पाण्यात स्टार्टर मारला नव्हता एवढाच फरक.

सॅन होजे, २००८ ची सिव्हिक १.८

इकडे ही हौस भयंकर, त्यामुळे नियम पण कडक. कॅलिफोर्नियात बाहेरचा इनटेक लावला तर त्याच्यावर एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी नंबर असलेलं स्टिकर पाहिजे, नाहीतर दोन वर्षांनी होणाऱ्या स्मॉग चेकला हुड उघडल्या उघडल्या नापास, धूर कितीही स्वच्छ असो. मी सेकंडहँड गाडी घेतली ती इनटेकसकट, स्टिकर कुठे गेलं देवाला ठाऊक. मूळ डबा भंगारवाल्याकडून साठ डॉलरला आणून बसवला तेव्हा पास झाली. शिवाय आधीच्या मालकाने फिल्टरला तेल इतकं चोपडलेलं की ते आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर जाऊन बसलं होतं, चेक इंजिन लाइट, कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. सेन्सरच्या स्प्रेने तार धुतली, लाइट गेली. डबा बसवल्यावर गाडी इतकी शांत झाली की पहिल्या दिवशी मला वाटलं बंदच पडली.

पुणे, निवृत्त, आधी पद्मिनी मग ८०० मग आताची ऑल्टो

तुम्ही मुलं हसाल, पण फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं हे आमच्या पिढीने पसरवलंय आणि ते तेव्हा खरं होतं. कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की पेट्रोल त्या मानाने जास्त जायचं, काळा धूर, प्लग काळे. आम्ही झाकण काढूनच खंडाळा चढायचो, लोकं बघायची. आता इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर आत येणारी हवा मोजतात, ऑक्सिजन सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन बघतो, आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल बेतात सोडतो, त्यामुळे हवा कमी तर पेट्रोलही कमी. अमेरिकेतल्या ओक रिजच्या सरकारी प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासलं होतं, तुंबलेल्या फिल्टरने नव्या गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, पण नवा टाकल्यावर पिकअप मात्र सहा ते अकरा टक्क्यांनी सुधारला. हे नीट वाच बाळा. फायदा भारी फिल्टरचा नव्हता, स्वच्छ फिल्टरचा होता. साडेआठ हजार खर्च करण्याआधी तू तुझा डबा उघडून पाहिलास का?

धागाकर्ता

काका, नव्हता पाहिला. खोटं कशाला बोलू. सर्विसिंगच्या बिलावर दर वेळी एअर फिल्टर क्लीन असं छापून येतं म्हणून कधी डोकावलोच नाही. आज सकाळी पार्किंगमध्ये क्लिपा काढल्या. झाकण उचललं तर आधी वास आला. आत शेंगदाण्याची टरफलं, मोठ्या पिशवीभर नाही पण दोन मुठी सहज, वर्तमानपत्राचे कपटे, सोसायटीच्या गणपतीच्या मांडवाचा थर्माकोल, आणि हे सगळं नीट रचून फिल्टरच्या तोंडावर गादी केलेली. फिल्टर मूळचा कुठल्या रंगाचा असेल याचा अंदाज लागला नाही, कोपरा कुरतडलेला होता पण नशिबाने आरपार नाही. गाडी तीन महिने त्या गादीतून श्वास घेत होती.

डबा पुसला, पाइपात ठाणेकरांसारखं बोट घातलं, स्वच्छ निघालं. नवा कागदी फिल्टर ३२० रुपये, स्वतःच बसवला, पाच मिनिटं. संध्याकाळी कात्रज जुन्या घाटाने एक फेरी मारून आलो, थर्डमध्ये चढली, एसीसकट. आवाज तोच, संसारी.

इनटेकचा विषय माझ्यापुरता मिटला, इचलकरंजीकरांना आवाजासाठी माझा मान कायम. आता दुसरं विचारतो: हा उंदीर आज रात्री परत येणार. तंबाखूची पानं ठेवा असं वॉचमन म्हणतोय, कोणी म्हणतं डांबर गोळ्या, पण त्या डब्याजवळ ठेवल्या तर तो वास एसीतून आत येईल ना? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनीच सांगा.